ओटा जुनाच ठेवून स्वयंपाकघर नवं करताना

आमचा फ्लॅट पुण्यात, सिंहगड रस्त्याला, १९८९ सालच्या इमारतीत. स्वयंपाकघर आठ बाय दहा फूट. लांब भिंतीला कडाप्पाचा ओटा, त्याखाली उघडे खण आणि खणांना पडदा. डाव्या टोकाला सिंक, उजव्या कोपऱ्यात शेगडी आणि खाली सिलिंडर. समोरच्या भिंतीला स्टीलची मांडणी, खिडकीजवळ गुहागरच्या घरातून आलेलं फणसाच्या लाकडाचं जाळीचं कपाट, आणि ओट्यावर मधल्या काळात कधीतरी करून घेतलेली सनमायकाची कपाटं. एकही वस्तू दुसरीशी बोलत नव्हती.

किचनच्या दुकानातून माणूस आला, दहा मिनिटं टेप धरला आणि म्हणाला, "मॅडम, हे सगळं काढूनच टाकू." त्याचा अंदाजपत्रकाचा कागद बघितल्यावर वाटलं, तो काढणार ते काढू दे, पण आधी आपण मोजून तर बघू.

मोजलं आणि पहिलाच धक्का बसला. नवा ओटा ३४ इंचांचा येणार होता. आमचा जुना ३१ इंचांचा. "ओटा बुटका आहे" हे मीही वीस वर्षं म्हणत आले होते. पण ३४ इंचांवर शेगडी ठेवली की बर्नर जातो ३९ इंचांवर, त्यावर आठ इंचांचं पातेलं, आणि सासूबाईंना आमटीत डोकावायला पाट लागला असता. शेगडीसाठी आमचा बुटका ओटाच बरोबर होता. त्रास व्हायचा तो भाजी चिरताना, तोही फक्त मला. म्हणजे ओटा बदलायची गरज नव्हती, ओट्यावर काय कुठे होतं ते बदलायला हवं होतं. पुढचं सगळं काम या एका मापावर उभं राहिलं, आणि ज्यांचं स्वयंपाकघर पंचवीस-तीस वर्षांचं आहे त्यांनी तोडफोडीआधी हेच करावं असं मी सांगेन.

एक आठवडा नुसतं बघायचं

फ्रिजवर एक कागद चिकटवा. स्वयंपाक करताना ज्या ज्या वस्तूसाठी उलटं वळावं लागलं, वाकावं लागलं किंवा स्टूल घ्यावं लागलं, तिच्या नावापुढे एक रेघ. घरात जो जो स्वयंपाकघरात जातो त्याने रेघ मारायची, रात्री पाणी प्यायला जाणाऱ्यानेसुद्धा. आठवड्यात एखादा मोठ्या स्वयंपाकाचा दिवस येईल असं बघा, कारण रोजच्या वरण-भात-पोळीला कुठलंही स्वयंपाकघर पुरतं. पुरण शिजतंय, कटाची आमटी उकळतेय, कणीक तिंबायची आहे आणि पुरणयंत्र माळ्यावर आहे, अशा वेळी खरं काय ते कळतं.

आमच्या कागदावर सगळ्यात जास्त रेघा कशाला पडल्या? डाळ-तांदळाच्या डब्यांना. ते समोरच्या मांडणीखाली, कुकर इकडे, धुवायचं सिंक तिकडे. दुसऱ्या नंबरला कचऱ्याची बादली, जी गॅलरीत होती. तिसरी गरम भांडं उतरवायला जागा नाही ही तक्रार. शेगडी कोपऱ्यात, उजवीकडे भिंत, डावीकडे मिक्सर. उतरवलेली कढई हातात धरून माणूस इकडे-तिकडे बघतोय. जुना रंग, डागाळलेल्या टाइल यांना एकही रेघ नव्हती.

माप: माणसांचं, भिंतींचं, डब्यांचं

माणसांपासून सुरुवात करा. सरळ उभं राहून हात कोपरात काटकोनात वाकवायचा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत अंतर मोजायचं. चिरायला, मळायला ओटा कोपरापेक्षा साधारण चार ते सहा इंच खाली असला की खांदे दुखत नाहीत. माझं कोपर ३९ इंचांवर, सासूबाईंचं साडेछत्तीसवर. ३१ इंचांचा ओटा त्यांना नेमका, मला तीन इंच कमी. दोघींना एकच ओटा बरोबर बसणं शक्यच नव्हतं.

उपाय सुतारकाकांनी काढला. माळ्याच्या जुन्या सागवानी दाराचा एक तुकडा घेऊन त्यांनी तीन इंच उंचीचा, दोन फूट बाय दीड फुटाचा बुटका चौरंग केला. मी चिरायला लागले की तो ओट्यावर, सासूबाई पोळ्या लाटायला आल्या की भिंतीला उभा. खाली रबराच्या चकत्या, म्हणजे सरकत नाही. घरात उंचीत फरक असेल तर अख्ख्या ओट्याची उंची वाढवण्यापेक्षा हे फार स्वस्तातलं काम आहे.

भिंती मोजताना आमची चूक झाली ती तुम्ही करू नका. जाळीचं कपाट खिडकीजवळून काढून समोरच्या कोपऱ्यात न्यायचं होतं. मी जमिनीलगत माप घेतलं, बसतंय म्हटलं. प्रत्यक्ष कपाट सरकवलं तर खाली गेलं आणि वर अडलं, कारण भिंत ओळंब्यात नव्हती, वर जाता जाता पाऊण इंच आत आली होती. जुन्या इमारतीत हे घरोघरी असतं. प्रत्येक भिंत तीन उंचींवर मोजायची: जमिनीलगत, ओट्याच्या रेषेत आणि डोक्याच्या वर. सगळ्यात लहान माप असेल ते खरं. कोपरा काटकोनात आहे का, हेही बघायचं. एका भिंतीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट खूण करा. खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर पाच फूट भरलं तर काटकोन.

मग डबे. याकडे कोणीही लक्ष देत नाही, आणि नव्या ट्रॉल्या आल्यावर घरातले निम्मे डबे बाहेर राहतात ते यामुळेच. तांदळाचं पिंप, कणकेचा डबा, रव्या-साखरेचे मधले डबे, मसाल्याच्या बाटल्या, कुकर शिटीसकट, परात, पोळपाट, सगळ्यांची उंची-रुंदी लिहून काढा. आमच्याकडे सगळे डबे तीनच उंचींत बसत होते, म्हणून कप्पेही तीनच उंचींचे केले, वर दीड-दोन इंच हात जाण्यापुरते जास्त. आईच्या लग्नातले स्टीलचे डबे फेकून प्लॅस्टिकचे चौकोनी डबे आणायची कल्पना माझ्या मुलीची. ती तिच्या घरात राबवेल.

काय टिकेल, काय नाही

आता एकेक वस्तू तपासायची. इथे घाई करू नये.

ओटा. आधी दगड कोणता ते ओळखा. कडाप्पा, शहाबाद आणि कोटा हे चुनखडीचे दगड, ग्रॅनाइट वेगळा. कोपऱ्यात, दिसणार नाही अशा जागी लिंबाचे दोन थेंब टाकून पाच मिनिटं थांबा. पुसल्यावर तिथे फिकट, मंद डाग दिसला तर दगड चुनखडीचा. आमच्या ओट्यावर सिंकजवळ वीतभर जागा राखाडी पडली होती. तिथेच बसून वर्षानुवर्षं चिंच कोळली, आमसुलं भिजवली, लिंबं चिरली. हा मळ नसतो. आम्लाने दगडाचा वरचा थर खाल्लेला असतो, म्हणून घासून जात नाही आणि ॲसिडने तर आणखी वाढतो.

तो जातो पॉलिशने. फरशी पॉलिश करणारे हातातल्या छोट्या यंत्राला हिऱ्याच्या चकत्या लावतात आणि पाणी सोडत आधी खरखरीत, मग बारीक, मग आणखी बारीक असं घासत नेतात. एका दिवसात आमचा दहा फुटांचा ओटा काळाभोर झाला. वर दगडासाठीचं सीलर लावून घेतलं. सीलर डाग आत मुरू देत नाही, पण आम्लापासून वाचवत नाही, हे लक्षात ठेवायचं. लिंबू आता चौरंगावरच चिरलं जातं. खोबरेल तेलाचा हात फिरवून कडाप्पा काळा करण्याची जुनी युक्ती पाहुणे यायच्या दिवशी चालते, त्यापलीकडे नाही.

पॉलिशच्या आधी ओटा ठोकून बघा. तडा आरपार आहे की केसासारखा? उभे पाय हलतात का? केसासारखी भेग इपॉक्सीत (दोन भाग एकत्र केले की दगडासारखा घट्ट होणारा चिकट पदार्थ) काळा रंग मिसळून भरता येते. पाय हलत असतील तर आधी गवंड्याकडून ते पक्के करून घ्यायचे. जुन्या कडाप्प्यावरच ग्रॅनाइट बसवून देतो असं बरेच जण सांगतात. करता येतं, ओटा इंचभर वरही येतो. पण २० मिलिमीटर ग्रॅनाइटचं वजन चौरस फुटाला जवळजवळ पाच किलो. दहा बाय दोन फुटांचा ओटा म्हणजे शंभर किलो जादा. ते पायांना पेलेल का, हे विचारल्याशिवाय हो म्हणू नका. आणि कडाप्पा कापून त्यात हॉब, म्हणजे ओट्यात रुतवायची शेगडी, बसवण्याच्या फंदात तर पडूच नका; शेगडीच्या मापाचं भोक पाडल्यावर पुढची आणि मागची जेमतेम तीन-चार इंचांची पट्टी राहते, ती चिरकते.

लाकूड. जुनं सागवान किंवा फणस हाती असेल तर आज त्या प्रतीचं लाकूड विकत घ्यायला गेल्यावर त्याची किंमत कळते. तपासायचं ते असं: मागची बाजू आणि पाय बघा, मातीच्या बारीक रेघा म्हणजे वाळवी. खाली पिठासारखी भुकटी पडत असेल तर भुंगा. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून बघा, सहज आत गेलं तर तेवढा भाग कापून टाकायचा. आमच्या कपाटाचे मागचे दोन पाय असे गेले होते. सुतारकाकांनी चार इंच कापून माळ्याच्या दाराचं सागवान जोडलं. खाली स्टीलच्या वाट्यांसारखे बूट घातले, फरशी पुसताना पाणी लागू नये म्हणून.

जुनं लाकूड रंध्याखाली जाण्याआधी त्यातला प्रत्येक खिळा काढलेला असला पाहिजे. आम्ही काढले होते. एक राहिला, डोकं तुटलेला, लाकडाच्या आत. रंध्याचं पातं तिथे असं वाजलं की काका पाच मिनिटं काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "ताई, चुंबक फिरवून घ्यायचं होतं." लोखंडी खिळ्यासाठी चुंबक खरंच उपयोगी.

जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगांतलं शिसं दहा लाखांत ९० भागांच्या खाली ठेवायचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात ते किती आहे सांगता येत नाही, आणि कोरडं घासलं की धूळ सगळ्या घरभर. पाणी लावून पॉलिश पेपर मारायचा, तोंडाला मास्क, लहान मुलं त्या दिवशी आजोळी.

कपाटाच्या दारांची जाळी गंजली होती, ती काढून स्टीलची बारीक जाळी लावली. पूर्वी त्यात दूध-दही असायचं. आता वरच्या कप्प्यात लोणच्याच्या बरण्या, मधे लसूण आणि नारळ, खाली वेगवेगळ्या टोपल्यांत कांदे आणि बटाटे. वारा खेळता राहतो, वास कोंडत नाही. कुठलीही नवीन बंद ट्रॉली हे काम इतकं चांगलं करणार नाही.

सनमायकाची कपाटं. इथे भावना बाजूला ठेवायच्या. कपाटाचा तळ आणि मागची फळी बघा. भुशाचा बोर्ड असेल आणि पाण्याने फुगला असेल तर तो पुन्हा बसत नाही. सांगाडा टाकून द्या. पण दारं बहुतेक वेळा धड असतात, आणि नवी सावकाश मिटणारी बिजागरी ३५ मिलिमीटरच्या त्याच जुन्या गोल खाचेत बसते. स्क्रूचं भोक सैल झालं असेल तर फेविकॉलमध्ये बुडवलेल्या काड्यापेटीच्या काड्या ठोकून भरा, रात्रभर सुकू द्या, सकाळी स्क्रू घट्ट बसतो. आम्ही चार दारं ठेवली, त्यांच्या मापाचे नवे सांगाडे केले. कापाकापी कमी व्हावी म्हणून नेहमी हाच क्रम ठेवा: जुन्या दाराचं माप आधी, सांगाडा त्यावरून. ओट्याखालच्या प्लायवर "७१०" छापलेलं बघून घ्या. ते उकळत्या पाण्याला टिकणारं. "३०३" वरच्या कोरड्या कपाटांना ठीक. सांगाडा थेट फरशीवर टेकवू नका, चार इंचांचे पीव्हीसीचे पाय लावा.

स्टीलच्या जाळीच्या ट्रॉल्या असतील तर जाळी तशीच ठेवा, फक्त चॅनेल, म्हणजे ट्रॉली ज्यावर सरकते त्या बाजूच्या पट्ट्या, बदला. दोन्ही बाजूंच्या चॅनेलना मिळून इंचभर जागा लागते, म्हणजे खण आतून १६ इंच असेल तर ट्रॉली १५ इंचांचीच हवी. अर्धा इंच कमी-जास्त झाला की ट्रॉली एक तर आत जात नाही किंवा करकरते.

मांडणीबद्दल घरात वाद झाला. मला ती काढायची होती, सासूबाईंना नाही. शेवटी मांडणी राहिली, जागा बदलली: सिंकच्या वर. धुतलेली ताटं-वाट्या निथळायला थेट तिथेच, पाणी सिंकमध्ये. भिंतीत लांब स्क्रू आणि नायलॉनचे गट्टे, कारण भरलेली मांडणी किती जड होते याचा अंदाज ती पडेपर्यंत येत नाही. जुनं प्लास्टर भुसभुशीत असेल तर स्क्रू विटेपर्यंत गेला पाहिजे.

सिंक तेच ठेवलं. पांढरे क्षार विनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास ठेवून निघाले. (हे करताना कडाप्प्यावर विनेगर सांडू देऊ नका, वरचं सगळं लक्षात आहे ना?) नवीन घ्यायची वेळ आलीच तर "चुंबक चिकटलं नाही म्हणजे उत्तम स्टील" या बोलण्यावर जाऊ नका. ३०४ या चांगल्या ग्रेडच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही आणि हलक्या २०२ लाही नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

टाइल. नाण्याने प्रत्येक टाइल वाजवा. पोकळ आवाज आला ती सुटलेली. थोड्याच असतील तर तेवढ्या काढून चुना-सिमेंटचा जुना थर खरवडून पुन्हा लावता येतात. सगळ्या घट्ट असतील तर त्यांच्यावरच नव्या टाइल बसवून तोडफोड आणि राडारोडा दोन्ही वाचतं. त्यासाठीचं वेगळं ॲडहेसिव्ह मिळतं, साध्या सिमेंटने जमत नाही. पण एक गोष्ट आधीच सांगा: भिंत अर्ध्या इंचाच्या आसपास पुढे येते, त्यामुळे नळ आणि स्विचबोर्ड आत गेल्यासारखे होतात. नळाला जोडनिपल लागते, बोर्डाला लांब स्क्रू. आम्ही टाइल ठेवल्याच. नुसते सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा लगदा) भरलं, आणि भिंत धुतल्यावर पंधरा वर्षांचा मेणचटपणा टाइलमध्ये नव्हताच, सांध्यांत होता हे दिसलं.

हे मात्र ठेवायचं नाही

जुनं वापरायचं म्हणजे सगळंच नाही. भिंतीत, ओट्याखाली लपलेलं जे असतं ते बदलायचंच.

१९९० च्या आगेमागे घातलेले लोखंडी जीआय पाइप आतून गंजून अर्धे भरलेले असतात. नळाला धार बारीक येते ती त्यामुळे. त्याजागी सीपीव्हीसीचे, म्हणजे न गंजणारे प्लॅस्टिकचे पाइप घालून घ्या. सिंकचा खालचा पाइप, कपलिंग, नहाणी ट्रॅपची जाळी नवी. सिंक हलवायचा मोह झाला तर थांबा: सांडपाण्याला दर फुटाला पाव इंच तरी उतार लागतो, चार फूट सरकवलं की एक इंच, आणि तो फरशीखाली मिळतोच असं नाही. शिवाय खालच्यांच्या देवघरावर आपलं सिंक आणून ठेवलं तर गळती झाल्यावर जे होईल ते होईल. सिंक जिथे आहे तिथे राहू द्या, शेगडी हलवा.

वायरिंग. जुन्या स्वयंपाकघरात एक ट्यूब, एक पंखा, मिक्सरचा एक पॉइंट एवढाच हिशेब असायचा. आता इंडक्शन २,००० वॉटचं, म्हणजे जवळजवळ नऊ ॲम्पिअर. ते सहा ॲम्पिअरच्या पॉइंटवर चालवलं की प्लग काळा पडतो. इंडक्शन, ओव्हन, मायक्रोवेव्ह यांना प्रत्येकी १६ ॲम्पिअरचा वेगळा पॉइंट आणि अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. बोर्डावर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. ओल्या हाताने मिक्सरला हात लावणारी माणसं प्रत्येक घरात असतात. पॉइंट सिंकपासून लांब आणि ओट्यापासून वीतभर वर.

दिव्याची जागाही आत्ताच ठरवा. पाठीमागे ट्यूब असली की चिरताना आपलीच सावली सुरीवर पडते. वरच्या कपाटाच्या तळाशी, पुढच्या कडेला एलईडी पट्टी लावली की प्रश्न संपतो. या संबंध कामातला सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत जास्त कौतुक झालेला बदल हाच.

गॅस. सुरक्षा पाइपवर वर्ष छापलेलं असतं, पाच वर्षांनी तो बदलायचा. पाइप भिंतीतून नेऊ नका, दोन तुकडे जोडू नका. सिलिंडर कपाटात ठेवत असाल तर दाराला खाली, जमिनीलगत जाळी हवी, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि खाली साठतो. पाइपने येणारा गॅस उलट हलका, वर जातो, त्यामुळे त्याची जाळी वर. नुसत्या शोभेसाठी मधोमध जाळी लावणारे सुतार मी पाहिले आहेत. पाइप गॅसची जोडणी हलवायची असेल तर कंपनीच्या माणसालाच बोलवा, आपला प्लंबर कितीही हुशार असला तरी. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा नंबर फ्रिजवर असू द्या.

खडूने आखा, खोक्यांनी उभारा

संगणकावरचं चित्र सुंदरच दिसतं. त्यापेक्षा फरशीवर खडूने आखा आणि किराण्याची रिकामी खोकी रचून कपाटं "उभी" करा. दोन दिवस त्यात वावरा. फ्रिजचं दार पूर्ण उघडतं का, ट्रॉली बाहेर ओढल्यावर मागून माणूस जातो का, ओव्हनचं दार कोणाच्या पोटात लागतं, हे तेव्हाच कळतं.

आमच्या ओट्याची वाटणी शेवटी अशी झाली. डावीकडे सिंकला अडीच फूट. मग साडेतीन फूट मोकळी जागा, चिरायला-मळायला. मग अडीच फूट शेगडी, आणि उजवीकडे भिंतीपर्यंत दीड फूट, फक्त गरम भांडं उतरवायला. तिथे काहीही ठेवायचं नाही असा घरात कायदा आहे आणि तो रोज मोडला जातो. डाळ-तांदूळ मोकळ्या जागेखालच्या खणात आले, मिसळणाचा डबा शेगडीच्या डाव्या हाताला, कचऱ्याची बादली सिंकखाली. जुन्या एक्झॉस्ट फॅनच्या भोकातूनच चिमणीचा पाइप काढला, त्यामुळे भिंत फोडावी लागली नाही. दोन बर्नरच्या शेगडीला ६० सेंटिमीटरची चिमणी पुरते. पाइपला वळणं जितकी कमी तितकं बरं.

कामाचा क्रम आणि माणसं

पावसाळ्यात काढू नका. लाकूड फुगतं, भिंतीची लांबी (पुट्टी) सुकत नाही, पॉलिशवर पांढरट थर येतो. दिवाळीआधी कारीगर मिळत नाहीत आणि मिळाले तरी पळत असतात. दिवाळी झाली की होळीपर्यंतचे दिवस उत्तम.

सोसायटीला आधी पत्र द्या. भिंत किंवा बीम फोडायचा विचारही करू नका. जुन्या इमारतींत बऱ्याचदा भिंतीच भार पेलत असतात. खालच्या आणि शेजारच्या घरी स्वतः जाऊन तारखा सांगा. आम्ही सोबत चिवडा नेला होता, पुढचे अठरा दिवस त्यावर निभावले.

क्रम असा: काढायचं ते काढा, मग प्लंबर, मग वायरमन, मग गवंडी आणि टाइल. त्यानंतर फरशीचं आणि ओट्याचं पॉलिश, कारण त्याचा चिखल सगळीकडे उडतो. मोझेकची फरशी असेल तर तीही याच वेळी घासून घ्या. खालून जे निघतं ते बघून नवी फरशी घालायचा बेत बऱ्याच जणांनी सोडला आहे. मग रंगाचा पहिला हात, मग सुतार, मग रंगाचा शेवटचा हात, मग चिमणी, दिवे, नळ. सुतार लवकर मोकळा आहे म्हणून त्याला आधी आणलंत तर नवी कपाटं पॉलिशच्या पाण्यात भिजतील. नळजोडणी झाली की सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा आणि खाली कोरडा कागद ठेवून बघा. भिंत बंद करण्याआधी.

दर विचारताना तीन गोष्टी वेगळ्या करून घ्या: मजुरी, सामान आणि जुनं सामान दुरुस्त करण्याची मजुरी. ही तिसरी सहसा कोणी सांगत नाही आणि भांडण तिथेच होतं. जुनं घासणं, जोडणं, मापाला बसवणं यात वेळ जातो, तो रोजावर ठरवावा. फुटाच्या दरात ठरवलंत तर सुतार जुन्या लाकडाला हात लावायला कुरकुर करणार, आणि त्याचं चूक नाही. काढलेलं सामान कोणाचं, हेही पहिल्या दिवशी बोला. आमची एक पितळी बिजागऱ्यांची जोडी भंगारात गेली ती न बोलल्यामुळे.

तोवर जेवणाचं काय? हॉलमध्ये एक टेबल, इंडक्शन, कुकर, एक कढई, माणशी एक ताट. जे सामान या टेबलावर आणावं लागलं नाही त्याची यादी करा. परत लावताना तेच सामान माळ्यावर जाईल किंवा कोणाला तरी देता येईल. आमच्याकडे अशा सव्वीस वाट्या निघाल्या.

शेवटचं काम फुकटचं आहे, पण वेळ चुकली तर करता येत नाही. भिंत बंद करायच्या आदल्या संध्याकाळी पाइप आणि वायर दिसतील असे फोटो काढा, टेप भिंतीला धरून, म्हणजे अंतर वाचता येईल. आम्ही ते छापून सिंकखालच्या दाराच्या आत चिकटवले आहेत, शेजारी ओट्याचं पॉलिश केल्याची तारीख, टाइलच्या सांध्यांत भरलेल्या ग्राउटचा नंबर आणि उरलेल्या चार टाइल माळ्यावर कुठे आहेत ते. परवा नवरा कॅलेंडरसाठी खिळा ठोकायला निघाला, तेव्हा सासूबाईंनी आधी ते दार उघडायला लावलं. खिळा वीतभर डावीकडे गेला.